हुलग्याचा अपराध

कन्नड तालुक्यातल्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात जाऊन हुलग्याचं बी मागून बघा. दुकानदार तुम्हाला चहा पाजील, बी देणार नाही. "काका, मका घ्या ना, पाहिजे त्या कंपनीचा आहे!" त्याचंही चूक नाही. मक्याच्या पिशवीमागं युरिया खपतो, तणनाशक खपतं आणि 2018 पासून लष्करी अळीच्या कृपेनं फवारणीचं औषधही खपतं. हुलगेवाला शेतकरी मात्र घरच्या मडक्यातलं बी काढतो, डोंगराकडच्या मुरमाड तुकड्यात टाकतो आणि पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. असल्या कृतघ्न पिकाचा प्रचार कोण करील?

हुलग्याचा खरा अपराध हाच. तो काही मागतच नाही. पाणी नको, खत नको. उलट मुळावरच्या गाठींतून जमिनीलाच नत्र देतो. म्हणजे शेतकरी सोडून कुणाचाही फायदा नाही! राहुरीच्या विद्यापीठानं त्याचे वाण काढले, नावं ठेवली सीना आणि माण. दोन्ही नद्या दुष्काळी पट्ट्यातल्या. नावं ठेवणाऱ्याला पीक नेमकं कळलं होतं.

सरकारचं कडधान्यांवर प्रेम नाही असं कुणी म्हणू नये. 2016 हे तर आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष होतं. 2025 मध्ये केंद्रानं कडधान्यांच्या आत्मनिर्भरतेसाठी 11,440 कोटींचं मिशन काढलं. भर कशावर? तूर, उडीद, मसूर. हुलगा आधीपासूनच आत्मनिर्भर, त्याला कशाला पैसे? पीकविम्याच्या खरीप यादीत मका आहे, कापूस आहे, कारळंसुद्धा आहे, हुलगा नाही. सुकला तर सुकला, मुळात तो दुष्काळातच वाढतो ना!

घरातही त्याची पत गेली. हुलग्याचे शेंगोळे आणि माडगं हे एकेकाळी रोजचं जेवण, पण पाहुण्यापुढं ठेवायची लाज, कारण ते गरिबाचं आणि बैलाचं खाणं. आता बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, तो हुलगे खात नाही. काढणीचं तर विचारूच नका. ऊन चढलं की शेंगा तडकतात, म्हणून दव असतानाच उपटावं लागतं. ते बायकांच्या वाट्याला. त्याच बायकांना अद्रकीच्या शेतात रोख मजुरी मिळते. मग हुलगा उपटायला पहाटे कोण उठणार? आंतरपीक म्हणून घ्यावा, तर मक्यावर मारलेलं ॲट्राझिन रुंद पानाचं काही ठेवत नाही.

इकडं तो शेतातून उठला आणि तिकडं शहरात दुकानाच्या फळीवर जाऊन बसला. 'पारंपरिक सुपरफूड', मुतखड्यावर गुणकारी, प्रथिनं भरपूर, झिपवाली पिशवी. पिशवीवर डोंगराचं चित्र असतं. डोंगरावरच्या माणसाला मात्र आजही व्यापारी विचारतो, "किती आहे? दोन पायल्या? मग माप घालून टाका."

केंद्राचा हमीभाव तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर या पाचच कडधान्यांना आहे. 10 फेब्रुवारीला जागतिक कडधान्य दिन असतो. त्या दिवशी कन्नडला भाषणाला येणाऱ्या साहेबांना एकच विनंती: हार आम्ही आणतो, तुम्ही हुलग्याचा भाव आणि वजनकाटा घेऊन या.