दोन यंत्रं आणि मधला हमाल

बुद्धिबळात आपल्या राजाला शह बसलाय हे मला समोरच्याने सांगावं लागतं. पण म्युनिकला लेकाकडे राहायला आलो, जुन्या बाजारात एक मेफिस्टो दिसला आणि हात आपोआप खिशात गेला. हे बुद्धिबळाचं यंत्र इथलंच, म्युनिकच्या हेगेनर उंड ग्लाझर कंपनीचं. आतला प्रोग्रॅम रिचर्ड लँग या इंग्रज गृहस्थाचा. त्या प्रोग्रॅमने 1985 साली अ‍ॅमस्टरडॅमला मायक्रोसंगणकांचं जगज्जेतेपद पटकावलं म्हणून या यंत्राचं नाव 'अ‍ॅमस्टरडॅम'. मागून डॅलस, रोमा, अल्मेरिया आले. जिंकलेल्या गावाचं नाव पुढच्या यंत्राला, असा सगळा राजेशाही कारभार.

लेकाकडे मिलेनियम कंपनीचा 2015चा चेसजीनियस होताच, आणि गंमत म्हणजे त्यातलाही प्रोग्रॅम लँगचाच. झालं! तीस वर्षांत एकाच माणसाचं सॉफ्टवेअर किती शहाणं झालं, याचा निवाडा मी करणार असं जेवताना जाहीर केलं. सूनबाईंनी आमटी वाढली.

जुन्याची चिप मोटोरोला 68000, वेग 12 मेगाहर्ट्झ, आणि अख्खा प्रोग्रॅम 64 किलोबाइटांत. हल्ली मोबाइलवर येणारी लग्नपत्रिकासुद्धा त्याहून जड असते. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर सगळ्या चाली खोलवर तपासणं परवडत नाही, म्हणून लँगचा प्रोग्रॅम बऱ्याचशा चाली दारातच वाटेला लावतो आणि निवडक चालींचाच पाठपुरावा करतो. नव्यात एआरएम चिप. तेवढ्याच वेळात तो कितीतरी पुढचं बघतो. मधल्या पिढीतला 'जीनियस' 1994 साली लंडनमध्ये पेंटियमवर बसून जलद डावांत कास्पारोव्हला हरवून गेला होता. पुढे त्याला अडवलं ते आपल्या आनंदने. अशा घराण्यातल्या दोघांची गाठ मी डायनिंग टेबलावर घालून दिली.

काम सोपं होतं. एकाने दाखवलेली चाल दोन्ही पटांवर करायची, उचलताना घर दाबायचं, ठेवताना घर दाबायचं. पण वाचायचा चष्मा लावला तर पट धूसर आणि काढला तर पडदा धूसर, त्यात जुन्याचं माहितीपत्रक जर्मनमध्ये, उजव्या हातात चहा असल्यामुळे डाव्या हाताने उंट सरकवताना शेजारचं प्यादं आडवं झालेलं, ते उभं करेपर्यंत मघाची चाल याची होती की त्याची हे विसरलेलं, आणि नातू मध्येच विचारतोय की आजोबा, तुम्ही कुणाच्या बाजूने? मी टिपणं घेत होतो.

'1985चं सॉफ्टवेअर घोडा बेधडक वाऱ्यावर सोडतं. धाडसी शैली.' पुढे, 'नव्याला हत्तीचा मोह नाही. पुढाऱ्यासारखा शांत.' पुढच्या ओळीला तर मी 'लँग यांच्या विचारातील स्थित्यंतर' असा मथळाच दिला. वही भरत चालली होती, आणि मी एखादा लेख छापून आणायच्या बेतात होतो, एवढ्यात नवा पीऽऽ करून ओरडला. जुन्याने दाखवलेली घोड्याची चाल त्याला मान्य नव्हती. मी पुन्हा दाबलं. पुन्हा पीऽऽ. मग जरा जोरात दाबलं.

"बाबा," बुद्धिबळातलं ओ की ठो न कळणारी सूनबाई खांद्यावरून वाकून म्हणाली, "तो घोडा ह्या पटावर आहे कुठे?"

नव्हता. एक हत्तीही नव्हता, आणि त्याऐवजी एक जास्तीचं प्यादं होतं, जे कुठून आलं याचा उलगडा लँगलाही झाला नसता. चहाच्या पहिल्या कपापासूनच बहुधा दोघे दोन वेगवेगळे डाव खेळत होते.

ताटं मांडायची म्हणून पट उचलताना मी दोन्ही पडद्यांवरचा हिशेब बघितला. दोघेही जिंकत होते.