शर्ट खाली ओढा, भाऊ!

आधी एक खुलासा. ही आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. बीड जिल्ह्यातल्या आष्टीशी आमचं नाव तेवढं जुळतं, बाकी काही नाही. खुलासा अशासाठी की, पुण्या-मुंबईत गावाचं नाव सांगितलं की समोरचा हल्ली आधी आमच्या कमरेकडे बघतो आणि मग तोंडाकडे.

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. त्या हत्येत गोळी सुटली नव्हती. पण सगळ्या राज्याची नजर बीडकडे वळली आणि कुणाच्या कमरेला काय आहे याची मोजदाद सुरू झाली. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी आकडे मांडले ते असे: बीडमध्ये १२२२ शस्त्रपरवाने, परभणीत ३२. मग हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ निघाले, गुन्हे दाखल झाले, प्रशासनाने शंभरावर परवाने रद्द केले. ते देताना गुन्ह्यांची यादी कुणी वाचली होती का, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

आता आमचं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तोवर परतूर तालुका परभणीतच होता. म्हणजे मुळात आम्ही बत्तीसवाले. पण गोदावरी ओलांडली की माजलगाव, आणि सोयरिकींना, उसाच्या ट्रॅक्टरला न् फॅशनला नदी आडवी येत नाही. त्यामुळे कमरेला वस्तू लावलेले भाऊ आमच्याकडेही चहाला थांबतात.

भाऊंना हॉटेलात शिरताना बघणं हा शिकण्यासारखा प्रकार आहे. गाडी बाहेर चालूच. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. खुर्चीवर बसण्याआधी भाऊ दोन्ही हातांनी पँट वर ओढतात. पँट घसरलेली नसते. पण त्या निमित्ताने शर्टाचं टोक उचललं जातं, कातडी पाकिटातली काळी मूठ बाहेर येते आणि शर्ट नेमका तिच्यामागे अडकून बसतो. तो सोडवायचा भाऊंना विसर पडतो. दोन स्पेशल चहा आणि एक प्लेट भजी संपेपर्यंत हा विसर टिकतो. पाणी ठेवायला आलेलं पोरगं ग्लास टेबलाच्या पार कडेला ठेवून मागच्या मागे सरकतं.

गल्ल्यावरच्या मालकांच्या डोक्यामागे पाट्या आहेत. ‘आज रोख, उद्या उधार.’ ‘राजकीय चर्चा करू नये.’ ‘विनाकारण बसू नये.’ ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.’ म्हणजे घरची भाकरी आणलेली चालत नाही, कमरेला आणलेलं चालतं. भाऊ उठतात. मालक स्वतःहून म्हणतात, “राहू द्या भाऊ, मागचं न् आताचं संगंच बघू. घाई न्हाई.” भाऊंनी अजून खिशात हातसुद्धा घातलेला नसतो.

ही झाली रीत. आता कायदा काय म्हणतो ते ऐका, म्हणजे भाऊंवर केवढा अन्याय होतोय ते कळेल. २०१६ च्या शस्त्र नियमांत बत्तिसावा नियम आहे. (पुन्हा बत्तीसच. परभणीकरांनी याचा विचार करावा.) सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर ते त्यासाठीच्या पाकिटात हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवं. परजायचं नाही. नियम मोडला तर परवाना जाऊ शकतो. आणि सार्वजनिक ठिकाण कोणतं? १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे, जिथे लोकांना जाता-येता येतं ती कोणतीही जागा. मालकांचं हॉटेल भाड्याला, लाइटबिलाला, नळपट्टीला खासगी. पिस्तुलापुरतं ते सार्वजनिक.

थोडक्यात, सरकार भाऊंना म्हणतं, घ्या, पण कुणाला दिसू देऊ नका. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं, तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती आणि वजन अर्धा किलो. सव्वा लाख मोजायचे, अर्धा किलो वजन दिवसभर कमरेला बांधून पाठदुखी ओढवून घ्यायची, आणि गावाला पत्ता लागू द्यायचा नाही? पाच तोळ्यांची चेन विकताना सोनार कधी म्हणतो का, की ही बनियनच्या आतून घाला?

परवान्याची वाटही सोपी नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलिसांचा अहवाल, आणि कारणाच्या रकान्यात बहुतेकांचं एकच लिहिलेलं: जीवितास धोका. ज्याच्या वाइटावर कुणी नाही, त्या बिचाऱ्याची इथेच पंचाईत. पण एकदा परवाना हाती आला की जिवाला धोका असलेला हा माणूस बाजारात, लग्नात, सप्त्याच्या पंगतीत, कुस्तीच्या फडात सगळीकडे सगळ्यांच्या पुढे. लपून बसल्याचं आजवर ऐकिवात नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानेदाराची हत्यारं तिनावरून दोनवर आणली. यावर फारशी ओरड झाली नाही, कारण कमरेला बाजूही दोनच आहेत. त्याच दुरुस्तीने आनंदाच्या भरात गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. मंगल कार्यालयवाले मात्र करारावर ‘डीजे रात्री दहाला बंद’ एवढंच छापतात.

मालकांना कुणी म्हणेल, पाटी लावा, नाहीतर पोलिसांना फोन करा. उल्हासनगरला २ फेब्रुवारी २०२४ ला पोलीस ठाण्यातच, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळ्या सुटल्या आणि आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. जिथे फोन करायचा तिथलंच हे असं, तर भज्यांच्या कढईजवळ काय व्हावं? मुळशीच्या शेतकऱ्यांपुढे हाती पिस्तूल घेऊन बोलणाऱ्या मनोरमा खेडकर यांचा व्हिडिओ जुलै २०२४ मध्ये राज्याने पाहिला. पोलिसांना त्या सापडल्या महाडच्या एका लॉजवर. बरं, वस्तू दाखवली नाही, गुपचूप कपाटात ठेवली, तरी भरवसा नाही. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेते गोविंदा यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर त्यांच्याच पायात सुटलं. शत्रू त्या वेळी घरात नव्हता.

जगात या पाटीच्या प्रश्नावर डोकेफोड झालेली आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात परवानेदाराने झाकून आणलेलं पिस्तूल दुकानात नको असेल तर एक पाटी, आणि उघडं नको असेल तर दुसरी. अक्षरं निदान एक इंच उंच, मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, ठळक दिसेल अशा जागी. हे सगळं जुळलं तर दुकानदार गिऱ्हाइकाला अडवू शकतो. स्टारबक्स या बड्या कॉफीवाल्यांना एवढंही जमलं नाही. २०१३ मध्ये त्यांच्या प्रमुखांनी, हॉवर्ड शुल्झ यांनी, खुलं पत्र लिहिलं: कृपया बंदुका आणू नका, ही बंदी नव्हे, विनंती आहे. अब्जावधींचा धंदा असलेला माणूसही शेवटी आमच्या हॉटेलमालकांसारखाच बोलला. फरक एवढाच की त्याने उधारी सोडली नव्हती.

आमच्याकडे बंदूक खरोखर नजरेआड जाते ती फक्त आचारसंहितेत. निवडणूक लागली की प्रशासन सांगेल त्यांना परवान्याची हत्यारं पोलिसांकडे जमा करावी लागतात. तेवढे दिवस भाऊ कमरेने हलके असतात, पँट वर न ओढताच खुर्चीवर बसतात, आणि एका मालकाने मला सांगितलं, “त्या दिसांत बिल देत्यात बगा. चिल्लरसुदिक मोजून.” ज्या काळात भाऊंचे विरोधक सगळ्यात जास्त चवताळलेले, त्याच काळात भाऊ निःशस्त्र हिंडतात आणि सुखरूप राहतात. कारणाच्या रकान्यातल्या त्या धोक्याचं काय होतं, हे परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी जालन्याच्या कार्यालयात कुणीतरी विचारावं.

तोवर आष्टीतल्या हॉटेलवाल्यांना, सलूनवाल्यांना, कृषी सेवा केंद्रवाल्यांना आणि मंगल कार्यालयांच्या मालकांना आमची विनंती आहे. टेक्साससारखी दोन भाषांची कटकट नको. रंगाऱ्याला बोलवा, उधारीच्या पाटीखाली जागा करा. मजकूर आमच्याकडून फुकट घ्या: ‘शस्त्र नियम २०१६, नियम ३२ प्रमाणे शर्ट खाली ओढून बसावे. बिल रोख द्यावे.’