सेक्रेटरींचा रॅम्प

अहो वहिनी, ऐकलंत का? परवाच्या मीटिंगला तुम्ही माहेरी गेलात आणि खरी मजा हुकली बघा!

आपल्या डीपी रोडच्या कडेनं तो चालायचा-सायकलचा पट्टा होणार ना, त्याचीच मीटिंग. जंगली महाराज रोडला कसा रुंद फुटपाथ झालाय, बाकं काय, पोरांची खेळणी काय, तसं काहीतरी. ऐकून सगळ्यांच्या माना डोलल्या. ए विंगच्या आजी तर म्हणाल्या, "चला, गुडघे आहेत तोवर होऊ दे." मग तो ज्युनियर इंजिनिअर, पोरगेलासाच आहे हो, त्यानं टेबलावर नकाशा उलगडला. आणि मेडिकलवाले वाकून बघतायत, बघतायत... त्यांच्या दारासमोरचं पार्किंग नकाशात नाहीच!

काय चेहरा पडला सांगू! पण माणूस गोड बोलणारा. "पट्टा हवाच हो, फक्त समोरच्या बाजूनं करा." समोरच्या बाजूचे फरसाणवाले नेमके त्यांच्याच मागच्या खुर्चीत. ते काय गप्प बसतायत? "का? आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकं काय उडत येतात?" चहा येईस्तोवर दोघांनी एकमेकांची पाटी, शेड, फ्रीज, सगळं रस्त्यावरून काढून टाकलं.

तर काय सांगत होते... हां, सायकल. बी विंगचा तो मुलगा हेल्मेट घालूनच बसला होता, मीटिंगमध्ये! म्हणे २०१७ मध्ये पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झाला, ८०० किलोमीटरच्या वर ट्रॅक त्यात. त्यावर खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले आजोबा काय म्हणाले? "आम्ही जन्मभर सायकल मारली, तेव्हा आराखडा नव्हता आणि सायकली होत्या." सगळे हसले, तो बिचारा लालबुंद. पण चुकीचं नाही हो बोलत तो. त्याच वर्षी औंधात, विद्यापीठात त्या भाड्याच्या सायकली आल्या होत्या, आठवतं? नव्याची नवलाई. एक तर आपल्याच जिन्याखाली सापडली, कुलूप घातलेली. कुणाचं कुलूप ते माझ्या तोंडून नको.

मग आजींनी मुद्द्याचं विचारलं. "मागून घंटी वाजली तर मी सरकू कुठे?" इंजिनिअरनं समजावलं, की चालणाऱ्यांना निदान १.८ मीटर मोकळी वाट हवीच, मध्ये विजेचा डबा नको, पाटी नको, आणि सायकलचा ट्रॅक त्याहून वेगळा. पण आपल्या रस्त्याला तेवढी रुंदी आहे कुठे? गुलमोहर तोडायचे नाहीत, बुंध्याभोवती माती मोकळी ठेवायची, मग काही ठिकाणी दोघांना एकत्रच जावं लागणार. आजी म्हणाल्या, "मग मी काठी आडवी धरून चालेन." आणि तशा चालतीलही त्या, मी ओळखते ना.

डॉक्टरीणबाईंनी खांबांचं काढलं. स्कूटरवाले फुटपाथवर चढतात म्हणून खांब लावायचे, पण व्हीलचेअर जायला दोन खांबांत १.२ मीटर जागा सोडावीच लागते. आणि तेवढ्यातून तर आमच्या ह्यांची अ‍ॅक्टिव्हा पिशव्यांसकट जाते! इंजिनिअर नुसता हसला. काय बोलणार बिचारा.

पण खरी गंमत पुढेच. तो म्हणाला, की सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ खाली उतरवायचा नाही, एकाच लेव्हलला सरळ न्यायचा. गाडीनं चढायचं, चढून उतरायचं, माणसांनी नाही. झालं! आपले सेक्रेटरी ताडकन उठले. "माझ्या नव्या गाडीचा तळ घासेल! इथे आपला रॅम्प आहे, पहिल्यापासून आहे!" पोरगा शांतपणे म्हणाला, "बघू या ना, सर." आणि सगळी वरात खाली गेटवर. त्यानं टेप काढला, एक टोक कंपाउंडच्या भिंतीला धरायला दिलं कुणाकडे? सेक्रेटरींकडेच! टेप चालला, चालला... रॅम्प चांगला चार फूट रस्त्यात. वर त्या चार कुंड्या, त्याही रस्त्यातच. सेक्रेटरी टेपचं टोक धरून तसेच उभे. फरसाणवाले म्हणाले, "सर, आमची शेड अडीचच फूट आहे हां."

आता काल दोन कागद फिरले. हेल्मेटवाल्याचा पाठिंब्याचा, सेक्रेटरींचा हरकतींचा. हरकतींत पहिलाच मुद्दा, "रॅम्प आहे तसा ठेवावा", झाडंबिडं, ज्येष्ठ नागरिक वगैरे सगळं खाली. आपली बी विंग म्हणजे... दोन्हींवर सह्या! मेडिकलवाल्यांनी पाठिंब्यावर सही करून कंसात "समोरील बाजूस" असं लिहिलंय.

आणि ऐका, इकडे या जरा. पाठिंब्याच्या कागदावर सगळ्यात वरची सही कुणाची असेल? सेक्रेटरींच्या मिसेसची! रोज सकाळी फिरायला जातात ना त्या, त्या रॅम्पवरूनच गेल्या पावसाळ्यात घसरल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये होता. सेक्रेटरींना कागद दाखवला हेल्मेटवाल्यानं, तर चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. रात्री त्यांच्याकडे डबा बाहेरून आला, मी स्वतः बघितला, लिफ्टमध्ये. एकच होता.