बुडत्याला अर्जाचा आधार

फेब्रुवारी 2009मध्ये ओबामा सरकारने गृहकर्जाखाली दबलेल्या अमेरिकनांसाठी योजना जाहीर केली. हप्ते कमी करून 30 ते 40 लाख कुटुंबांची घरं वाचवायची होती. काम सोपवलं कोणाकडे? जप्तीच्या नोटिसा धाडणाऱ्या वसुली कंपन्यांकडेच. कुंपणालाच शेताची राखण!

मग सुरू झाला कागदांचा खेळ. घरमालकाने पगाराची पावती फॅक्स केली की ती हरवायची. पुन्हा पाठवा. सापडलीच तर तोवर शिळी झालेली, ताजी पाठवा. तीन महिन्यांचा चाचणी हप्ता इमानेइतबारे भरणाऱ्या कित्येकांना शेवटी कळायचं की ते अपात्र आहेत, आणि कमी भरलेली रक्कम आता थकबाकी आहे. दुसऱ्या टेबलावर जप्तीची फाइल सरकतच असायची. तिचे कागद बरे हरवत नसत! जप्तीच्या शपथपत्रांवर कर्मचारी न वाचता हजारोंनी सह्या ठोकत होते, हे 2010मध्ये उघड झालं.

बँका सावरायला 700 अब्ज डॉलर मात्र 2008मध्ये पंधरवड्यात मंजूर झाले होते. तिथे फॅक्स बिघडला नाही.

त्या निधीचे विशेष महानिरीक्षक नील बारोफ्स्की यांनी पुढे पुस्तकात लिहिलं की, अर्थमंत्री गाइथनर यांच्या लेखी योजनेचा उपयोग जप्त्या लांबवून बँकांना दम खाऊ देण्याचा होता. तेव्हा योजना फसली म्हणणं अन्यायाचंच. 2010 संपताना कायमची सवलत मिळालेली घरं सहा लाखांच्या आत होती. मोठ्या बँका शाबूत होत्या.