नागपूर ते मुंबई, अधिक घिरट्या

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे 690 किलोमीटर. जेट विमान वर गेलं की ताशी 800च्या आसपास पळतं. म्हणजे काम तासाभराचंही नाही. तरी वेळापत्रकात दीड तासाच्या आगेमागे वेळ धरतात, कारण विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात येतो. हे हिशेब मला तोंडपाठ आहेत. विमानात मला दरदरून घाम फुटतो, आणि माणूस आकडेमोड करत असला की तो घाम बौद्धिक वाटतो.

मधला महाराष्ट्र ढगांखाली होता, त्याबद्दल क्षमस्व.

मुंबई जवळ आली आणि पायलटनं जाहीर केलं की खाली पाऊस आहे, गर्दी आहे, थांबावं लागेल. आता हवेत थांबायचं म्हणजे घाण्याच्या बैलासारखं फिरायचं. मुंबईला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. बाकीच्यांनी वर लांबुळक्या घिरट्या घालायच्या. एक फेरी साधारण चार मिनिटांची.

शेजारच्या नागपूरच्या काकूंनी खिडकीतून तिसऱ्यांदा तोच ढग पाहिला.

"काऊन जी भाऊ, मुंबई सापडून नाही राहिली का पायलटले?"

मी हसलो. घाम बौद्धिक उरला नव्हता. विमानानं एक गचका खाल्ला आणि मागे कुणीतरी गजाननमहाराजांचा धावा सुरू केला. पुढचे एक गृहस्थ अशातही उठून वरच्या कप्प्यातली बॅग ओढत होते. अशा माणसांना पायीच पाठवावं.

काकूंच्या मांडीवर संत्रा बर्फीची पिशवी होती. तिच्या बंदाला त्यांनी इतका पीळ दिला होता की बोटं पांढरी पडली होती. लेकीचं बाळंतपण होतं, विमान पहिल्यांदाच, आणि तरी माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "भेव नका भाऊ, उतरते ते."

मग मी त्यांना हिशेब सांगायला लागलो. या वेळी घामासाठी नाही. पाऊण तास घिरट्या, वेग ताशी 400 धरा, म्हणजे 300 किलोमीटर जादा. एकूण 990. रेल्वेनं नागपूर-मुंबई 837च आहे.

"म्हंजे तिकिटाचे पैसे वसूल झाले," काकू म्हणाल्या, आणि पिशवीचा पीळ जरा सैल झाला.

उतरल्यावर विमानाला उभं राहायला जागा मिळेना, त्यात आणखी वीस मिनिटं गेली. जावई बाहेर केव्हाचे ताटकळत होते.

तेव्हा नागपूरहून येणाऱ्यांनी घरी वेळ खुशाल दीड तास सांगावी, पण पावसाळ्यात न्यायला येणाऱ्या जावयाला पार्किंगचे पैसे जास्त घेऊन यायला सांगावं.