फॅक्ट्या

ठाण्याच्या नौपाड्यात घंटाळी मंदिराच्या आसपास फॅक्ट्या राहतो. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त आधार कार्डावर उरलंय. कट्ट्यावर आणि गेममध्ये तो फॅक्ट्याच. वय चाळिशीला टेकलेलं, नोकरी ऐरोलीला, शर्टाची बटणं पोटावर ताणलेली. पण ‘एकेएम भारी की एमफोर’ हा पब्जीतल्या बंदुकांचा विषय कुणी काढला की हातातला कटिंग बाकावर ठेवतो, चष्मा पुसतो आणि म्हणतो, “एक मिनिट. मुळात हे माझं मत नाहीये. हे फॅक्ट आहे.”

गंमत अशी की, हे वाक्य तो नेमकं स्वतःच्या आवडीनिवडीबद्दलच वापरतो. एकेएम ही सगळ्यांत भारी बंदूक, हे फॅक्ट. पोचिंकीत उतरतो तो खेळाडू आणि झाडामागे लपून बसतो तो कॅम्पर, हेही फॅक्ट. मात्र जे खरोखर तपासून बघता येतं, त्याला उत्तर ठरलेलं: “असेल तुझं मत.” एकेएमची गोळी जोरात लागते, पण बंदूक हातात नाचते, एमफोर त्या मानाने स्थिर. ट्रेनिंग ग्राउंडवर जाऊन भिंतीवर गोळ्या झाडल्या की कुणालाही दिसतं. आम्ही झाडून दाखवल्या. एका बंदुकीचे ठिपके मुठीएवढ्या जागेत, दुसरीचे पार छतापर्यंत. फॅक्ट्याने दोन्ही नीट पाहिले आणि म्हणाला, “मुळात तुझा फोन हँग होतोय.”

मारिओ वीट डोक्याने फोडतो की मुठीने, यावर एका रविवारी मामलेदारची मिसळ खाता खाता जुंपली होती. तिखटाने नाकातून पाणी येत होतं, तरी फॅक्ट्या डोक्याच्या बाजूने लढत होता. शेवटी आमच्यातल्या एकाच्या पोराने बापाच्या मोबाइलवर गेम लावला, मारिओला उडी मारायला लावली आणि बरोबर त्या क्षणाचा स्क्रीनशॉट काढून पुढे धरला. १९८५ चा गेम, चौकोनी ठिपक्यांचा माणूस, पण वर गेलेला हात अगदी स्पष्ट. फॅक्ट्याने चित्र मोठं केलं, लहान केलं, फोन आडवा धरला. एक पाव मागवला. मग म्हणाला, “हे व्हर्जन वेगळंय.”

पुढच्या रविवारी तलावपाळीच्या कठड्यावर तोच कुणा नवख्याला झापत होता: “डोक्याने? मुळात नीट बघितलंयस का तू कधी? मूठ आहे ती. आणि अजून एक सांगतो, हा मारिओ आधी प्लंबर नव्हताच. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये तो सुतार होता.” सुताराची गोष्ट खरी आहे. आमची पंचाईत होते ती इथेच. माणूस नुसताच थापाड्या असता तर केव्हाच सोडून दिला असता. पण ह्याला बरंच काही खरंच ठाऊक असतं.

दुसऱ्याने काही सांगितलं की त्याचा पहिला प्रश्न, “सोर्स काय?” त्याचा स्वतःचा सोर्स वर्षानुवर्षं एकच: डोंबिवलीचा मावसभाऊ. २००५ मध्ये सॅन अँड्रियास हा गेम कॉम्प्युटरवर आला आणि त्यातल्या जंगलात बिगफूट फिरतो अशी वावडी जगभर उठली. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून आम्ही तो डोंगर पालथा घातला. झाडं दिसली, धुकं दिसलं. बिगफूट दिसला तो फक्त मावसभावाला, तोही रात्री लाइट जायच्या आधी. गेम बनवणाऱ्या कंपनीनेच असं काही नाही म्हणून सांगून टाकलं, तेव्हा फॅक्ट्या हसला. “कंपनी खरं सांगेल का?” त्या मावसभावाला आम्ही आजवर पाहिलेला नाही. बिगफूटलाही नाही, पण त्यातल्या त्यात बिगफूट खरा असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

ज्यावर कुणीच भांडत नाही अशा फॅक्टमध्ये त्याला रस नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच आली, हे त्याने एकदा छाती फुगवून सांगितलं. आम्ही सगळे हो म्हणालो. बिचारा दहा मिनिटं गप्प बसला होता.

२ सप्टेंबर २०२० ला पब्जीवर बंदी आली. पुढच्या वर्षी जुलैत तोच खेळ बीजीएमआय होऊन परतला, आणि फॅक्ट्याने एकाच वेळी दोन फॅक्ट सांभाळायला सुरुवात केली. आईला सांगताना गेम अगदी वेगळा: “अगं, बंदी होती तो चिनी कंपनीकडे होता. हा कोरियन. ह्यात रक्तसुद्धा हिरवं आहे.” आम्हाला सांगताना गेम तोच, कारण जुनी रँक आणि जुने कपडे नव्या गेममध्ये आणायची सोय मिळाली होती, आणि ते कपडे त्याने पैसे मोजून घेतले होते.

आईचं मत विचाराल तर ती मत देतच नाही. ऑनलाइन गेम मध्येच थांबवता येत नाही, हे फॅक्ट्याने तिला इतक्यांदा ऐकवलंय की तिने स्वयंपाकच त्यावर बसवून टाकलाय. रात्री हेडफोनच्या माइकमधून आम्हाला तिचा आवाज येतो: “झोन कुठवर आला रे?” हा ओरडतो, “चौथा!” “मग तवा ठेवते.” शेवटचा झोन आवळत आला की पहिली पोळी फुगलेली असते. फॅक्ट्या तोवर बहुधा मेलेला असतो, त्यामुळे पोळी गरमच मिळते.

तो मरतो कसा, तेही सांगायला हवं. आपण उघड्या मैदानात गोळी खाऊन रांगत असलो की बाकीचे “सॉरी भावा” म्हणून आडोसा धरतात. फॅक्ट्या आडोसा सोडून धावत येतो. रिव्हाइव्ह करायला लागतात त्या दहाएक सेकंदांत आपलं कुठे चुकलं ते मुद्देसूद सांगतो. “मुळात तू डावीकडून जायलाच नको होतंस.” सेकंद संपतात, आपण उठतो, पळतो, ह्याचा तिसरा मुद्दा राहिलेला असतो. तो पुरा करायला तिथेच उभा राहतो आणि टिपला जातो. मग हेडफोनमध्ये: “नेट गेलं.”

मध्यंतरी माझं खेळणं सुटलं. घोडबंदरला घर घेतलं, येण्याजाण्यातच जीव जायचा. कट्ट्यावर शेवटचा गेलो होतो तेव्हा सहज बोलून गेलो होतो, की कॉन्ट्रावाल्यांनी काय डोकं लावलं होतं, वर वर खाली खाली दाबलं की तीस लाइफ. फॅक्ट्या त्यावर चक्क काही बोलला नव्हता. बरेच दिवस गेले, आणि एका रात्री साडेअकराला त्याचा फोन.

“झोपलायस?”

“हो.”

“ते कॉन्ट्राचं. तीस लाइफ मिळायच्या, ते बरोबर आहे तुझं.”

इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. उठून बसलो.

“पण कोड कॉन्ट्रासाठी काढलाच नव्हता. १९८६ च्या ग्रॅडियससाठी होता. हाशिमोतो म्हणून माणूस होता, त्याला स्वतःलाच तो गेम टेस्ट करताना झेपेना, म्हणून त्याने घातला.”

“सोर्स काय?” मी विचारलं.

“ऑनलाइन ये,” फॅक्ट्या म्हणाला, “सांगतो. आणि डावीकडून येऊ नकोस.”