घोरण्यातला खर्ज

डबलबारीच्या भजनात समोरच्या बुवाला गारद करायचं तर पाठांतर दांडगं लागतं, जीभ तिखट लागते आणि गळा मोठा लागतो. पाठांतराच्या नावाने माझी बोंब. अभंगाचं तिसरं कडवं मी पेटीच्या भात्यामागे चिकटवलेल्या चिठ्ठीत बघून म्हणतो. हजरजबाब सुचतो, पण बारी संपवून परतताना, चौक्याच्या तिठ्यावर. तेव्हा सगळी भिस्त गळ्यावर. घोगरा, भरदार, तळाशी जरासा खरखरणारा गळा. आचऱ्यापासून कुडाळपर्यंत लोक म्हणायचे, "वायरीचो बुवा काय खर्ज लावता!" मी मान खाली घालून हसायचो आणि पुढच्या बारीची सुपारी शंभर रुपयांनी वाढवून सांगायचो.

रियाज मी फारसा करत नसे. रात्री मात्र न चुकता घोरत असे. आमचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. बायको पाहुण्यांना सांगायची, "समुद्राच्या कडेक ऱ्हवतव, पण गाज कशी असता ती लगीन झाल्यापासून ऐकूक गावली नाय." यावर पाहुणे हसत आणि मीही हसे. घोरणं म्हणजे गाढ झोप, गाढ झोप म्हणजे निरोगी माणूस, असं आमच्या घराण्यात चार पिढ्या मानलं गेलं आहे. दुपारी ऑफिसात फायलीवर मान पडायची, तिचं खापर आम्ही उकड्या भातावर फोडायचो.

15 फेब्रुवारी 2022 ला बप्पी लाहिरी गेले. वय अवघं 69. डॉक्टरांनी टीव्हीवर जे आजार सांगितले त्यात एक नाव होतं ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. घोरता घोरता श्वास अडकतो म्हणे. बायकोने टीव्हीचा आवाज वाढवला, माझ्याकडे बघितलं आणि त्या रात्रीपासून घड्याळ घेऊन उशाशी बसायला लागली. सकाळी चहाबरोबर निकाल: "रात्री तुमी मधीच गप झालात. माका वाटला, सपला." मी म्हटलं, गप्प झालो तर बरंच की, तुला गाज ऐकायला मिळाली. ती हसली नाही.

आमच्या सिंधुदुर्गात आजार जरा लांबलचक नावाचा निघाला की माणूस गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात जातो, नाहीतर कोल्हापूरला. मीही गोव्यात एका डॉक्टरांकडे गेलो. डोक्याला तारा, छातीला पट्टे, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी, अशा थाटात त्यांनी मला झोपवलं. एवढं बांधून घातलेला माणूस झोपेल कसा, या विचारातच मी घोरायला लागलो असणार, कारण रिपोर्ट भरगच्च आला. झोपेत जीभ आणि टाळूमागचे स्नायू सैल पडतात, घशाची वाट बंद होते, निदान दहा सेकंद श्वास थांबतो. मग मेंदू दचकून उठवतो, माणूस घुर्रकन श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. असं तासाला पाचच्या आत असेल तर ठीक. तीसच्या वर म्हणजे तीव्र. माझा आकडा 38. आयुष्यात कुठल्याही परीक्षेत मी एवढ्या वरच्या वर्गात बसलो नव्हतो.

मी पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टर, आवाजाचं काय?"

ते म्हणाले, "आधी जिवाचं बघू."

मग त्यांनी बरंच समजावलं. 1981 साली, म्हणजे रत्नागिरीतून आमचा सिंधुदुर्ग वेगळा निघाला त्याच साली, सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी नाकावाटे दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची युक्ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. रुग्ण होते पाच. त्याआधी तीव्र आजाराला खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला बाहेरून भोक पाडणं. बुवाच्या गळ्याला भोक! माझा हात आपोआप गळपट्टीवर गेला. त्याच 1981 साली अमेरिकेत शिरो फुजिता या सर्जननी पडजीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग कापून वाट रुंद करण्याची शस्त्रक्रिया मांडली. ती आजही करतात. पण बोलताना हाच मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. तो आखूड झाला तर काहींच्या बोलण्यात वारा नाकात निसटतो, पाणी पितानाही नाकात येतं, सुरांचा रंग बदलू शकतो. पखवाजवाला सोबत आला होता, त्याला यात काही वावगं वाटलं नाही. "आमी मालवणी तसेय नाकातच बोलतव," तो म्हणाला. त्याला मी बाहेर बसवला आणि सुलिव्हन यांच्या युक्तीवर चालणारं हवेचं मशीन घेतलं.

मशीन तसं साधं. खोक्यातून नळी, नळीला मास्क, मास्क नाकावर, पट्टे डोक्यामागे. पहिल्या रात्री मी आरशात बघितलं तेव्हा नातू दारात उभा होता. दशावतारात सुरुवातीला मुखवटा घालून गणपती येतो, तसाच मी त्याला दिसलो. तो ओरडत सुटला, "गे आये, आज्याक सोंड इली!" घरात सगळे जमले. धाकट्या सुनेने खरोखर हात जोडले.

पुढची अडचण मिशी. डबलबारीच्या बुवाला मिशी लागते. माझी मिशी दोन्ही टोकांना वर वळवलेली आहे आणि तिथूनच मास्कची हवा फुर्र फुर्र सुटत होती. तंत्रज्ञ म्हणाला, काढा. मी म्हटलं, मास्क? तो म्हणाला, मिशी. शेवटी तिची टोकं छाटून समझोता झाला. आता माझी मिशी सरकारी नोकराची दिसते, बुवाची नाही.

मशीनला पाण्याची एक डबी होती. त्यातलं पाणी तापून हवा ओलसर होते आणि ती नाकात जाते. मला हसू आलं. मालवणात ऐन जुलैत मीठ ओलं होतं, पापड वाकतात, कपाटातल्या कोटाला बुरशी येते. इथे हवा ओली करायला पाणी कशाला? मी डबी कोरडी ठेवली.

झालं असं की झोपेत माझं तोंड उघडं पडायचं. नाकातून दाबाने आलेली हवा तोंडावाटे रात्रभर सुटायची आणि वाटेत घसा खरवडून जायची. सकाळी उठलो की जीभ टाळूला चिकटलेली, आवाज फाटलेला. पाऊस कितीही पडला तरी घशाला त्याचा उपयोग नाही, कारण दाबाची हवा एका दिशेने सतत वाहते आणि ओलावा सोबत घेऊन जाते. खडीसाखर, ज्येष्ठमध, कंकोळ सगळं चघळून झालं. शेजारच्या काकींनी सांगितलं म्हणून रात्री झोपताना सोलकढी प्यायलो. त्यावर छातीत जी जळजळ झाली तिचं वर्णन गवळणीच्या चालीत बसणार नाही.

आणि गणपती आले.

आमच्याकडे गणपतीत भजन घरोघरी जातं. एका रात्रीत पाच-सहा घरं, प्रत्येक घरी आरती, भजन आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. वरून त्या वर्षी देवळाच्या मांडवात डबलबारीही ठरली होती. मी गजर उचलला काळी तीनमध्ये, नेहमीसारखा. गळ्यातून जे आलं ते ऐकून झांजवाल्याने माझ्याकडे न बघता पेटीकडे बघितलं. मी पट्टी काळी दोनवर आणायला खुणावलं. पखवाजवाल्याचा चेहरा उतरला. पखवाज काही बटण दाबून खाली येत नाही. उजव्या तोंडाच्या गठ्ठ्यांवर हातोडी मारत सूर खाली आणायचा, डाव्या धुम्याची कणीक पुन्हा थापायची, आणि तोवर दोनशे माणसं टकामका बघत बसणार. हातोडी मारता मारता तो म्हणाला, "बुवानू, तुमचो गळो गेलो तर गेलो, माझो पखवाज कित्याक फोडतात?"

कशीबशी काळी दोन जमली. मी आलाप घेतला, लांब, वर जाणारा, डोळे मिटून. आणि ऐन टोकाला ढेकर आला. साधा नाही, माईकवरचा. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की मशीनची हवा काही जणांच्या फुप्फुसात जाण्याबरोबर पोटातही जाते. रात्रभर मी हवा गिळत होतो आणि त्यावर पाच घरचं सांबार. समोरच्या बुवांनी पेटी हळूच सरकवली आणि माईकमध्ये शांतपणे म्हणाले, "बुवांका प्रसाद जास्त झालो वाटता." मांडव कोसळला. हजरजबाब मला तेव्हा सुचला नाही. चौक्याच्या तिठ्यावरही सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन पिशवीत भरून मी गोव्याला परत करायला निघालो. डॉक्टरांनी पिशवी उघडली, कोरडी डबी बघितली आणि माझ्याकडे बघितलं. मी नजर पंख्याकडे वळवली. त्यांनी हवेचा दाब थोडा कमी केला, तोंड झाकणारा मास्क दिला आणि डबीत डिस्टिल्ड पाणी घालायला सांगितलं, कारण विहिरीच्या पाण्याचे क्षार डबीत साचतात. मी येताना बॅटरीच्या दुकानातून इन्व्हर्टरचं पाणी घेतलं. फोनवर विचारलं तेव्हा त्यांनी फक्त "मेडिकलमधून घ्या" एवढंच म्हणून फोन ठेवला. त्याच फेरीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गळ्यात दुर्बीणही घालून झाली होती.

खरी गोम त्या दुर्बिणीने फोडली. स्वरतंतू सुजलेले, टाळू लालभडक. ही सूज मशीनची नव्हे, जुनी. वर्षानुवर्षं तोंड उघडं ठेवून घोरल्याने तंतू कोरडे पडले होते, रात्रभराच्या थरथरीने टाळू सुजला होता आणि पोटातलं आम्ल वर येऊन त्यावर फोडणी घालत होतं. म्हणजे आचऱ्यापासून कुडाळपर्यंत गाजलेला तो खर्ज ही सूज होती. मी सुपारी सुजेची घेत होतो.

मशीन नीट चाललं आणि काही महिन्यांत आवाज सुटा झाला. वरचे सूर न ओढता लागायला लागले. फायलीवर मान पडेना. पण लोकांचं काय! पोईपला बारी झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम उठून आले. "आवाज बरो असा," ते म्हणाले, "पण तो आदलो दम नाय." मंडळाच्या सेक्रेटरीने तर विचारलं, गणपतीच्या आधी आठवडाभर मशीन बंद ठेवता येईल का.

मशीनविना सुटका आहे का, हेही मी शोधून पाहिलं. स्वित्झर्लंडमध्ये 25 जणांवर प्रयोग झाला, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं डिजेरिडू हे लांब वाद्य चार महिने फुंकून काहींचं घोरणं आणि दिवसाची झोप कमी झाली. त्याला 2017 साली इग नोबेल या गमतीदार संशोधनाच्या पुरस्कारांतलं शांततेचं पारितोषिक मिळालं, बायकोच्या झोपेचा विचार करता अगदी योग्य विभागात. मालवणच्या बाजारपेठेत डिजेरिडू मिळेना. मग 2025 साली जयपूरच्या डॉक्टरांचा शंखाचा प्रयोग वाचला: 30 रुग्ण, त्यातले काही सहा महिने शंख वाजवणारे, त्यांना फरक पडला. शंख देवघरात होताच. पहाटे पाचला मी पडवीत उभं राहून फुंकला. पहिल्या दिवशी वारा गेला, आवाज आला नाही. दुसऱ्या आठवड्यात आवाज आला आणि वाडीतली सगळी कुत्री उठली. शेजारचे काका खांद्यावर टॉवेल टाकून देवळाकडे निघाले होते, त्यांना वाटलं सप्ता बसला. डॉक्टर म्हणाले, शंख जरूर वाजवा, प्रयोग लहान आहे, मशीन सोडू नका. मी दोन्ही चालू ठेवलं आहे.

राहता राहिली लाईट. पावसाळ्यात ती रात्री जाते तेव्हा मशीन गप्प होतं, आणि मशीन गप्प झालं की मी सुरू होतो. मे 2021 च्या तौक्ते वादळानंतर मालवणात कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा हे यंत्र घरात नव्हतं हे बरं. आता इन्व्हर्टर आणला आहे, त्याचं पाणी वेगळं आणि माझं वेगळं, दोन्ही बाटल्यांवर बायकोने मोठ्या अक्षरात नावं लिहिली आहेत.

तेव्हा, घरात कुणी घोरत असेल तर घोरण्याकडे लक्ष देऊ नका, मधल्या गप्प बसण्याकडे द्या, आणि तपासून घ्या. तो गाणारा असेल तर आवाज जाईल या भीतीने थांबवू नका, डबीत पाणी तेवढं भरा. आणि येत्या गणपतीत आमची बारी ठरवणाऱ्या मंडळांना विनंती आहे: पेटी काळी तीन नव्हे, पांढरी पाचला लावायची आहे, हे पखवाजवाल्याला आधी कळवा. सांबार बारी झाल्यावर वाढा.